घाई झाली की ती उभी राहायची

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते रातांबे फोडायचं. पडवीत समोरासमोर बसलो होतो. मधे दोन पाट्या. एकीत साली, दुसरीत बिया. साली उन्हात घातल्या की आमसुलं होतात, दरवर्षीचंच काम. माझ्या हातून एक बी सालींच्या पाटीत पडली.

"डोळे फुटले काय?" ती म्हणाली.

"एक बी पडली गो."

"एकच म्हणे. तुमची आई पण अशीच. एकच तर पातेलं म्हणून माझ्या माहेरचं पातेलं नणंदेला दिलंन. अजून आलेलं न्हाय."

"आई मेली. तुझी नणंद मेली. पातेल्याचं काय घेऊन बसलीस?"

"पातेलं मेलं काय? पातेलं असंल ना कुठंतरी?"

मी तिच्या पायांकडे बघितलं. अंगठे आत वळवलेले, टाचा जमिनीत रोवलेल्या. मग मला कळलं आणि मीही आवाज चढवला. तिच्या माहेरच्यांनी लग्नात आमच्या माणसांना कसं ताटकळत ठेवलं ते काढलं. खूप वर्षांचं जुनं, पण कामाला येतं. ती तापली. तिच्या बापाचा मोठेपणा सांगायला लागली आणि सांगता सांगता वाक्य अर्ध्यावर टाकून गप्प झाली. म्हणाली, "गेली." आणि पुढचा रातांबा घेतला. पाटी भरल्यावर सावकाश उठली, लुगडं झटकलं आणि मागच्या अंगाला मोरीकडे गेली. घाई नाही, काही नाही.

बायकोला लघवीचा त्रास होता. सरळ सांगतो, कारण वाडीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कसं ठाऊक झालं ते पुढे येतंय. मी चौथीपर्यंत शिकलो. पावस गावच्या बाजूला लोकांच्या बागांतून आंबे उतरवण्यात जन्म गेला. चांगलं लिहिता येत नाही, पण ती गेल्यावर वाडीत जे बोलतात ते ऐकून घ्यायचं मला वय राहिलेलं नाही. म्हणतात, तोंडाची फाटकी होती. कुणाशीही भांडायची. एष्टीत कंडक्टरशी, दारावर येणाऱ्या मासेवालीशी, देवळात देवीशी.

भांडायची, खरंच भांडायची. का भांडायची ते कुणी विचारलं नाही.

आधी ती अशी नव्हती. आधी तर तिचा आवाज शेजारी जायचा नाही. त्रास कधी सुरू झाला ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण तिनेच लपवलं. मला एवढंच दिसायचं की बाई भात वाढता वाढता पळते. कुलपाला किल्ली लावली की पळते. हंड्यात पाणी पडायला लागलं, त्याचा आवाज आला की पळते. आणि पळाली तरी कधी कधी मोरी गाठायच्या आतच व्हायचं. मग दुपारी दोरीवर लुगडं. मी विचारलं तर म्हणायची, चिखल लागला. एप्रिलमधे कुठला चिखल?

तिला वाटलं, अंगात गरमी झाली. आमच्याकडे खालून काहीही झालं की गरमीच असते. मग धन्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकमाचं सरबत, तांबे भरभरून. तेवढ्याने पळापळ वाढली. मग उलटं केलंन. पाणीच बंद. सकाळी चहा आणि दिवसभर काही नाही. बाजारातल्या एका डॉक्टरने गोळ्या दिल्या, संपल्या की परत त्याच दिल्या. तपासलं काही नाही. विचारलं पण नाही काही. तिने तरी कुठे सांगितलं असणार, "लघवीला जळजळ होते" एवढंच सांगितलं असेल, जी होत नव्हती. खरं सांगायला लाज.

खरं तिने एकाच माणसाला सांगितलं. थोरल्या जावेला. माझ्या मोठ्या भावाची बायको, आमची वयनी. घर आमच्या समोरच, मधे फक्त दगडांचा एक बुटका गडगा. दोघी एकत्र सरपण आणायच्या, एकत्र वाळवणं घालायच्या. वयनीने तिच्या पाठीवर हात फिरवला असेल, आणि ही बोलून गेली असेल.

त्या वर्षी शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. पोरं ती खांद्यावर नाचवतात, मग अंगणात ठेवतात, घरची बाई देवीची ओटी भरते आणि मानकरी त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. मोठ्याने घालतो. देवीला ऐकू गेलं पाहिजे ना. तो एकेक मागणं मागतो आणि जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा."

मुंबईची पोरं आलेली, ढोल चाललेले, सगळी वाडी अंगणात. ही हिरव्या लुगड्यात, हातात ओटीचं सूप. मानकऱ्याने सुरुवात केली. मुंबईच्या पोराला नोकरीत यश दे, व्हय म्हाराजा. कलमांना मोहोर टिकू दे, व्हय म्हाराजा. आणि मग म्हणाला:

"आणि ह्या घरच्या लक्ष्मीला जी काय लघवीची पीडा झालीय, घडोघडी जावं लागतंय, धरवत न्हाय, ती पीडा सात समुद्रापार ने गो माये."

"व्हय म्हाराजा."

मागची पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत, पण "व्हय म्हाराजा" म्हणाली. सगळी म्हणाली. माझ्या तोंडूनसुद्धा निघालं, सवयीने.

तिने ओटी भरली. नारळ ठेवला, तांदूळ ठेवले, नमस्कार केला. मग वळली आणि माजघरातून मागच्या दाराला गेली. मी मागून गेलो तर ती मोरीच्या दारात उभी होती आणि लुगडं पायापर्यंत भिजलेलं होतं. अंगणात ढोल परत सुरू झाले होते.

दुसऱ्या दिवशी गडग्यावरून ती वयनीला म्हणाली, "अक्का, कशाला सांगितलंत?"

"अगो, तुझ्या बऱ्यासाठीच. देवीला सांगितलं, गावाला थोडंच सांगितलं?"

"देवीच्या कानात सांगता आलं नसतं?"

"मानकऱ्याचा आवाजच तसा. त्याला मी काय करू?"

वयनीचं हे उत्तर मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

त्यानंतर ही घराबाहेर पडायची थांबली. गुहागरला माझ्या भाचीचं लग्न होतं, मी एकटा गेलो. तिकडे सगळे विचारायचे, मामी का नाही आल्या? मी सांगायचो, कंबर धरली आहे. कंबर धरली म्हटलं की लोक हळहळतात. दुसरं काही सांगितलं असतं तर हसले असते. अवयव जवळजवळच आहेत, पण एकाला मान आहे आणि एकाला नाही.

पाणी पुरतंच सोडलंन. ओठ फुटले. एक दिवस विहिरीवर चक्कर येऊन पडली, कपाळ काठावर आपटलं. म्हणून दवाखान्यात नेलं. कपाळासाठी नेलं, मुताच्या पिशवीसाठी नाही. ती पडली नसती तर आम्ही कधीच गेलो नसतो.

रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण होती. टाके घालता घालता तिने विचारलं, "आजी, पाणी का पीत नाही?" हिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीण मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा." मी बाहेर गेलो तर आतून हिचा आवाज आला, "त्यांना काय बाहेर पाठवता? गावाला ठाऊक हाय, त्यांना न्हाय काय?" म्हणून मी परत आत.

लघवी तपासली, साखर तपासली, पोटाची सोनोग्राफी केली. कशात काही निघालं नाही. मग डॉक्टरिणीने कागदावर एक पिशवी काढली.

"ही तुमची लघवीची पिशवी. निम्मी पण भरलेली नसते, तोवर ती आवळायला लागते आणि डोक्याला सांगते, भरली, पळ."

बायको म्हणाली, "म्हंजे खोटं बोलते."

"तसंच म्हणा."

"मग मी तिचं ऐकते कशाला?"

डॉक्टरीण हसली. म्हणाली, "तेच शिकायचं आहे. आणि तुम्ही पाणी तोडलंत ना, त्याने लघवी घट्ट होते आणि पिशवी आणखी चिडते. दिवसा थोडं थोडं पाणी प्यायचं, संध्याकाळनंतर कमी. चहा कमी करा. पोट साफ ठेवा, कोठा जड असला की पिशवीला जागा उरत नाही."

बाकीचं नर्सने शिकवलं. घाई झाली की पळायचं नाही. पळालं की पोटावर दाब येतो आणि डोक्यात एकच गोष्ट राहते. आहे तिथेच थांबायचं. जमलं तर बसायचं. लघवी मधेच तोडताना जे आवळतो ते आत आवळायचं, सोडायचं, परत आवळायचं. पण लघवी करताना हा खेळ करायचा नाही, एरवी करायचा. मन दुसरीकडे न्यायचं. कळ ओसरली की मग चालत जायचं. आणि घड्याळावर जायचं, लागली म्हणून नाही. दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. गोळी पण दिली. गोळीने तोंड कोरडं पडायचं, म्हणून ती लवंग चघळायची. नर्सने आधीच सांगितलं होतं, आठवड्यात गुण येणार नाही, महिने जातील. पूर्ण जाईल असंही नाही. "पण हुकूम तिचा चालणार नाही, तुमचा चालेल."

हे वाक्य तिने घरी आणलं. तेव्हापासून मोरीच्या वाटेवर मी तिचं बोलणं ऐकायचो. "थांब गो बाय. घर माझं हाय, मालकीण मी हाय." लहान हट्टी पोरीशी बोलावं तसं बोलायची. वयनी गडग्यावरून बघायची आणि म्हणायची, हिच्या डोक्यात फरक पडला.

मन दुसरीकडे न्यायचं हे काही तिला जमेना. नर्सने सांगितलं होतं, उलटे आकडे म्हणा. आकडे तिला सरळसुद्धा येत नव्हते. देवाचं नाव घेऊन बघितलं. देवाचं नाव घेताना तो शिमगा आठवायचा आणि कळ वाढायची. एक दिवस मासेवाली दारावर आली. बांगडे शिळे होते. ही म्हणाली शिळे, ती म्हणाली ताजे, दोघींची जुंपली. बांगड्यांच्या डोळ्यांपासून मासेवालीच्या सासूपर्यंत पोचल्या. मासेवाली गेल्यावर ही माझ्याकडे आश्चर्याने बघत म्हणाली, "अवो, मगाशी लागली होती. गेली."

त्या दिवसापासून ती भांडायला लागली.

लोक घाई झाली की धावतात. ही घाई झाली की उभी राहायची. रस्त्याच्या मधोमध, बाजारात, कुणाच्या अंगणात. पाय रोवून, माडाकडे बघत. आणि जो समोर असेल त्याच्याशी भांडण काढायची. एष्टीत कंडक्टरला म्हणाली, तुझी खिडकी वाजते. तो म्हणाला, गाडी माझी नाही आजी. म्हणाली, मग तिकीट कशाला फाडतोस? अख्खी एष्टी हसली. कंडक्टरपण हसला. ती हसत नव्हती. ती आत आवळून बसली होती. आमचा स्टॉप आला, ती उतरली, आणि गाडी गेल्यावर म्हणाली, "सावकाश चला. घाई न्हाय." चेहऱ्यावर असा आनंद की मी लग्नातही बघितला नव्हता.

कुणी नसेल तर कोंबडीशी भांडायची. रेडिओवर हवामान सांगणाऱ्याशी भांडायची. माझ्याशी तर रोजच. मी मुळात कमी बोलणारा. ती म्हणायची, "बोला काहीतरी वाईट. गप्प बसलात तर माझं कठीण." मग मला शिकावं लागलं. म्हातारपणी बायकोला टाकून बोलायला शिकलो मी. कुठे थांबायचं तेही शिकलो. खोटं भांडण तिला लगेच कळायचं, आणि त्याने काही व्हायचं नाही. खरंच लागेल असं काहीतरी काढावं लागायचं.

हे वाडीला कोण सांगणार? मी एकदोघांना सांगितलं, तर म्हणाले, बायकोची बाजू घेतोस.

पुढचा शिमगा आला. मी म्हटलं, आत बसलीस तरी चालेल, ओटी मी देतो कुणाकडून. ती म्हणाली, "मेल्यावर द्या. आता मी हाय." सकाळपासून चहा घेतला नाही. पाणी मात्र घेतलं, घोट घोट. पालखी यायला उशीर झाला, मुंबईच्या प्रत्येक पोराला ती नाचवायची होती. ढोल असे वाजत होते की माझ्याच पोटात हलत होतं. ही सूप धरून उभी. मी तिचे पाय बघत होतो. अंगठे वळले. मला वाटलं, आता संपलं. आता इथे देवीसमोर मी काय भांडण काढू?

पालखी टेकली. मानकऱ्याने घसा साफ केला. आणि ही म्हणाली, "थांबा. ह्या वर्षी माझं गाऱ्हाणं मी घालणार."

"बाय, तशी रीत न्हाय," मानकरी म्हणाला.

"बाईची लघवी अंगणात काढायची रीत हाय काय? ती गेल्या वर्षी काढलीत."

कुणी हसलं नाही. ढोलवाल्याने टिपरी खाली ठेवली. ती देवीकडे बघून, मानकऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलली.

"माये, मी बरी हाय. माझ्यासाठी काही मागत न्हाय. पण हितं ज्या उभ्या हायत ना, त्यांच्यात अजून कितीतरी जणी माझ्यासारख्या. लुगडी धुतात आणि सांगतात चिखल लागला. पाणी पीत न्हायत. लग्नाला जात न्हायत. त्या तोंड उघडणार न्हायत, म्हणून मी उघडते. त्यांचं बघ गो माये."

आणि पुरुष माणसं, सवयीने, एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

बायका जमिनीकडे बघत होत्या. वयनी पण.

तिने ओटी भरली. पालखी उचलली, गडगा ओलांडला, वयनीच्या अंगणात गेली, तोपर्यंत ती उभी राहिली. मग वळली, सावकाश मागच्या अंगाला गेली. परत आली तेव्हा लुगडं कोरडं होतं. मला म्हणाली, "आता बोलू देत कुणी. ओली म्हणायची कुणाची टाप न्हाय."

ओली नाही म्हणाले. उर्मट म्हणाले. देवीशी भांडली म्हणाले. त्या संध्याकाळी रीतीने सगळ्यांकडे नारळाचा प्रसाद गेला, आमच्याकडे आला नाही.

पण चैत्र लागला तशा दुपारच्या वेळी मागच्या दाराने बायका यायला लागल्या. एकेकटी. कुणी वाटीभर मीठ मागायला, कुणी विळी मागायला. मीठ घेऊन कुणी जात नव्हती. मी पुढे पडवीत जाऊन बसायचो. आतून हिचं ऐकू यायचं, "पळायचं न्हाय. उभी राहा. आवळ. श्वास धरू नको गो, तोंड कशाला आवळतेस? आणि आधी दवाखान्यात जा, साखर असंल तर, आत जखम असंल तर? मी काय डॉक्टरीण हाय?" शिव्या पण ऐकू यायच्या. शिकवण्याची फी म्हणून शिव्या.

एके दिवशी वयनी आली. मागच्याच दाराने. मला वाटलं, आता ऐकायला मजा येईल. कान देऊन बसलो. तर आतून एक चढा शब्द आला नाही. तिने वयनीला सगळं सांगितलं, हळू आवाजात, दोनदा सांगितलं, लवंगा बांधून दिल्या. वयनी गेल्यावर मी म्हटलं, हिलाच तेवढं सोडलंस? तर म्हणाली, "ती रडत होती. रडणाऱ्या बाईशी काय भांडायचं?" मला राग आला. अजून आहे.

त्याच वयनीने, हिचं तेरावं झाल्यावर, आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "स्वभावाने बाकी चांगली, फक्त तोंड वाईट." आणि ज्या दुपारच्या मीठ मागायला यायच्या, त्यांनी माना डोलवल्या.

माझ्याबद्दलही बोलतात. बायको मेलेली आणि हा म्हातारा गोधडी धूत होता, म्हणतात. ते खरं आहे.

रातांबे फोडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा ती उठलेली नव्हती. रोज माझ्या आधी उठायची. हात लावला तर थंड. छातीतच काहीतरी झालं असणार, झोपेत. तोंडावर त्रास नव्हता. आणि अंथरूण ओलं होतं.

मेल्यावर सगळ्यांचंच सुटतं. मी आईला बघितलंय, बापाला बघितलंय, त्यात काही नाही. कुणाचंही सुटतं. पण दुसऱ्या कुणाचं सुटलं तर बायका नाकाला पदर लावतात आणि विसरतात. हिचं बघून त्या एकमेकींकडे बघणार होत्या. एकच नजर, पण ती मला माहीत होती. वर्षभर या बाईने रोज, दिवसातून कितीतरी वेळा, तेवढ्या एका नजरेशी झगडा केला होता.

मी पुढच्या दाराला कडी घातली. चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं. थंड पाण्याने धुवावंसं वाटलं नाही. तिला पुसली, स्वच्छ केली. कोरडं लुगडं काढलं. लुगडं नेसवायचं मला येत नाही, आयुष्यात कधी बघितलंही नव्हतं नीट. गुंडाळलं कसंतरी. निऱ्या आल्या नाहीत. तिला चटईवर घेतलं, आणि गोधडी आणि ओलं लुगडं घेऊन मागच्या दाराने विहिरीवर गेलो.

गोधडी भिजली की फार जड होते. पिळवत नव्हती. वयनी तिच्या अंगणातून म्हणाली, "काय भावजी, आज तुमी गोधडी धुताय? बाय कुठं गेली?"

मी म्हटलं, "हाय आत."

दोन्ही दोरीवर घातली. हात पुसले. घरात येऊन पुढच्या दाराची कडी काढली, आणि वयनीला हाक मारली.